मखमली गुलाबाच्या नोंदी : एका नावाचा आणि एका झुडपाचा इतिहास

जुन्या बागांतील गुलाबांच्या ज्या सूच्या युरोपात प्रसिद्ध होतात, त्यांत 'टस्कनी' या वाणाच्या नावापुढे उगमकाळ म्हणून बहुधा सोळाव्या शतकाची अखेर दिलेली असते. हे झुडूप बेताच्या उंचीचे असते. त्याच्या फुलाला पाकळ्यांच्या दोन-तीन ओळी असतात, पाकळीचा रंग काळसर किरमिजी असतो, आणि मधोमध सोनेरी पुंकेसरांचे कडे उठून दिसते. सूचीत त्याचे दुसरे नाव 'जुना मखमली गुलाब' असे दिलेले असते. हे दुसरे नाव आणि हा काळ या दोन्ही गोष्टींचा आधार एकच आहे. तो म्हणजे जॉन जेरार्ड याचा १५९७ साली लंडन येथे छापलेला वनौषधींचा बृहद्ग्रंथ. परंतु त्या ग्रंथात वर्णन आहे ते 'मखमली गुलाबा'चे. 'टस्कनी' हे नाव इंग्लंडमधील बागायतीच्या छापील साहित्यात भेटते ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. या दोहोंमध्ये दोन शतकांहून अधिक अंतर आहे, आणि सूचीतील एक छोटासा आकडा ते अंतर एका उडीत ओलांडतो. ती उडी कितपत समर्थनीय आहे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ उद्यानप्रेमींचा वाटेल. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा प्रश्न आहे. ज्या वस्तूचे नाव ग्रंथातून ग्रंथात उतरत गेले आणि जिचे शरीर मुळांच्या फुटव्यांतून मातीतून मातीत उतरत गेले, त्या वस्तूचे नाव आणि शरीर दर पिढीत एकमेकांसोबतच होते, हे कशावरून मानावयाचे?

प्रथम नावाचा विचार करणे सोयीचे होईल. सोळाव्या-सतराव्या शतकांतील लॅटिन ग्रंथांत या गुलाबाला 'रोझा होलोसेरिसिया' असे म्हटले आहे. या विशेषणाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'सर्वस्वी रेशमी' असा होतो. रोमन काळात ज्या वस्त्रात रेशमाखेरीज दुसरा धागा नाही, त्याला हे विशेषण लावीत. पुढे ते मखमलीला लागू झाले, आणि मखमलीवरून फुलाला. म्हणजे हे नाव रंगाचे नसून पोताचे आहे. त्यात निरीक्षणाचा भागही पुष्कळ आहे. गुलाबाच्या पाकळीच्या वरच्या त्वचेतील पेशी शंकूच्या आकाराच्या असतात. तिच्यावर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन निसटण्याऐवजी त्या शंकूंमुळे आत वळतो, आणि रंग आहे त्याहून गडद व खोल भासतो. गडद फुलांत हा परिणाम विशेष ठसतो. नाव देणाऱ्याला पेशींचे ज्ञान नव्हते, पण कापडाची पारख होती, असे म्हणावे लागते.

'टस्कनी' या नावाची गोष्ट वेगळी आहे. त्यावरून हा गुलाब इटलीतील त्या प्रांतातून आला, अशी समजूत सहज होते. फ्लॉरेन्स व लुक्का या टस्कनीतील नगरांची रेशमी वस्त्रांबद्दल मोठी ख्याती होती, तेव्हा नावामागे प्रांत नसून मखमलच असेल, अशीही एक कल्पना मांडता येईल. ती चतुर आहे, आणि चतुर कल्पनेला पुराव्याची गरज अधिकच असते. गुलाबांच्या बाबतीत स्थळवाचक नाव हे जन्मस्थानाचे द्योतक मानणे किती धोक्याचे आहे, याचे उत्तम उदाहरण हिंदुस्थानशी निगडित आहे. चीनमध्ये शतकानुशतके लागवडीत असलेल्या गुलाबाला लिनीअसने १७५३ मध्ये 'रोझा इंडिका' असे नाव दिले. जॅक्विन याने १७६८ मध्ये 'रोझा चायनेन्सिस' हे योग्य नाव दिल्यावरही जुने नाव दीर्घकाळ चालू राहिले. फ्रेंच माळी तर याच गुलाबांना 'बंगालचा गुलाब' म्हणत, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारमार्गावरील बंगालच्या मुक्कामाशी त्यांचे नाते जुळले होते. बंगालचा संबंध काय तो वाटेतल्या थांब्याचा. गुलाबाच्या नावातील गाव हे पुष्कळदा त्याचे माहेर नसून शेवटचा मुक्काम असतो, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

आता जेरार्डच्या साक्षीकडे वळावयास हवे. जेरार्ड हा व्यवसायाने न्हावी-शल्यवैद्यांच्या संघातील शल्यवैद्य. लॉर्ड बर्ली याच्या उद्यानांची देखरेख त्याच्याकडे होती आणि लंडनमधील होबर्न या भागात त्याची स्वतःची बाग होती. त्या बागेतील वनस्पतींची यादी त्याने १५९६ मध्ये छापली, तीत हजारावर नावे आहेत. एका खाजगी बागेची अशी संपूर्ण यादी छापण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होय. असा मनुष्य बागेतील फुलाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येणे साहजिक आहे. परंतु त्याच्या १५९७ च्या ग्रंथाची घडण निराळी आहे. त्याचा मोठा भाग रेम्बेर्ट डोडोएन्स याच्या १५८३ मधील लॅटिन ग्रंथावर आधारलेला असून, त्या ग्रंथाच्या प्रीस्ट नामक वैद्याने आरंभिलेल्या इंग्रजी भाषांतराचा जेरार्डने उपयोग केला, हे आता सर्वमान्य आहे. चित्रांची कथा याहून बोलकी आहे. सुमारे अठराशे लाकडी ठशांपैकी बहुतेक ठसे फ्रँकफुर्टहून आणलेले, टॅबर्नेमाँटेनस याच्या चित्रसंग्रहासाठी कोरलेले होते. पुष्कळ ठिकाणी चित्र एका वनस्पतीचे आणि मजकूर दुसरीचा, असा घोळ झाला. तो निस्तरण्यासाठी लोबेल या फ्लेमिश पंडितास मुद्रकाने बोलाविले, तेव्हा दोघांचे बिनसले. ग्रंथाच्या अखेरीस झाडाच्या शिंपल्यांतून हंस जन्मतात, हा प्रकार स्वतः पाहिल्याची ग्वाहीही जेरार्डने दिलेली आहे. तेव्हा तो साक्षीदार उपयुक्त खरा, पण उलटतपासणीवाचून त्याचा जबाब स्वीकारता येत नाही.

मखमली गुलाबाविषयी तो जे सांगतो त्याचा आशय असा : झुडूप नेहमी ठेंगणेच राहते. फांद्यांवर केसांसारखे बारीक काटेरी आवरण असते, पण नाजूक कातडीलाही ते बोचत नाही. पाने पांढऱ्या गुलाबाच्या पानांसारखी असतात. फुले फांदीच्या टोकाला येतात, ती दुहेरी असून मध्ये काही पिवळे तंतू दिसतात. रंग खोल, काळसर तांबडा, किरमिजी मखमलीची आठवण देणारा. फूल गळाल्यावर तांबडी फळे धरतात आणि त्यांत लवेत गुरफटलेल्या कठीण बिया असतात.

या वर्णनातील फांद्यांचा तपशील विशेष मोलाचा आहे. बारीक, न बोचणारी लव-काट्यांची दाटी हे 'रोझा गॅलिका' या जातीचे ठळक लक्षण आहे. कातडीला ती बोचत नाही, ही गोष्ट फांदी हाती धरून पाहिल्यावाचून सुचणारी नाही. हे वाक्य कोणाच्या ग्रंथातून उचललेले असो वा नसो, त्याच्या मुळाशी कोणाचा तरी हात आहे. पण पानांचे काय? पांढऱ्या गुलाबाचे पान निळसर राखी छटेचे असते, तर गॅलिका जातीचे पान मंद, गडद हिरवे आणि स्पर्शाला खरखरीत असते. जेरार्डचे वर्णन अक्षरशः घेतले तर हा गुलाब शुद्ध गॅलिका नव्हे, आणि आजचा 'टस्कनी' तर नव्हेच. ते अक्षरशः घ्यावयाचे नसेल, तर त्यातील इतर शब्द तेवढे अक्षरशः का घ्यावयाचे, याचे उत्तर द्यावे लागते. ज्यांना तादात्म्य सिद्ध करावयाचे असते ते रंग आणि पुंकेसर तेवढे उद्धृत करतात आणि पानांपाशी गप्प बसतात. सूच्यांतील हा जुना रोग आहे. टॉमस जॉन्सन याने १६३३ मध्ये या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती काढली. तिने असंख्य चुका दुरुस्त केल्या आणि चित्रांसाठी प्लांटिन मुद्रणालयाचे ठसे वापरले. तरी जेरार्डचा मूळ मजकूर तिच्याही द्वारे पुढील पिढ्यांपर्यंत पोचत राहिला, आणि वारंवार छापला गेल्यामुळे एकच साक्ष अनेक साक्षींसारखी दिसू लागली.

जेरार्डच्या मागोमाग बत्तीस वर्षांनी जॉन पार्किन्सन याचा उद्यानविषयक ग्रंथ १६२९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या विषयापुरते पाहिले तर तोच अधिक महत्त्वाचा आहे. पार्किन्सन हा राजा पहिला जेम्स याचा औषधविक्रेता. परंतु या ग्रंथात त्याने औषधी गुणांना दुय्यम स्थान दिले आणि शोभेची बाग, भाजीपाल्याची बाग व फळबाग असे तीन विभाग पाडले. औषधांचा त्याचा स्वतंत्र बृहद्ग्रंथ पुढे १६४० मध्ये आला. शोभेसाठी लावावयाच्या फुलांकडे पाहणाऱ्या लेखकाला पाकळ्या मोजण्याचे प्रयोजन असते. ते औषधासाठी पाहणाऱ्याला नसते. पार्किन्सनने पाकळ्या मोजल्या आहेत.

त्याच्या मते मखमली गुलाबाच्या फांद्यांची साल काळसर हिरवी असते आणि काटे थोडे किंवा मुळीच नसतात. पानेही इतर बहुतेक गुलाबांपेक्षा गडद हिरवी असून, इतरांना पाच पर्णिका असताना याला पुष्कळदा सात असतात. फुलांचे तो एकेरी आणि दुहेरी असे प्रकार करतो. एकेरी फूल पसरट, पाच-सहा पाकळ्यांचे, मध्ये पुष्कळ पिवळे तंतू असलेले. दुहेरीत पाकळ्यांच्या दोन ओळी, बाहेरची मोठ्या पाकळ्यांची व आतली लहान पाकळ्यांची. रंग अतिशय खोल किरमिजी मखमलीचा, आणि दोन ओळी असूनही फूल दिसावयास एकेरीसारखेच. येथे न थांबता तो तिसऱ्या एका प्रकाराची नोंद करतो. तो दुसऱ्याहून अधिक दाट, बहुधा सोळा किंवा त्याहून जास्त पाकळ्यांचा असतो. त्या पाकळ्या बहुतेक सारख्याच आकाराच्या असतात आणि रंग पहिल्या एकेरीचा किंवा त्याहून किंचित ताजा असतो. या सर्वांचा सुगंध साध्या तांबड्या गुलाबापेक्षा कमी, हेही तो सांगावयास विसरत नाही.

या नोंदीचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले असे की, १६२९ मध्ये 'मखमली गुलाब' हे एका झुडपाचे नव्हे, तर निदान तीन भिन्न झुडपांचे समान नाव होते. ते वाणाचे नाव नसून वर्गाचे नाव होते. एकदा हे मान्य केले की 'मखमली गुलाब म्हणजेच टस्कनी' हे समीकरण व्याकरणदृष्ट्याच सैल पडते, कारण त्याच्या एका बाजूस व्यक्ती आहे आणि दुसऱ्या बाजूस कुळ. दुसरे असे की, या तिघांपैकी आजच्या 'टस्कनी'च्या जवळ कोण जातो, हे पाहता येते. पार्किन्सनचा दुसरा प्रकार, ज्यात आतल्या पाकळ्या लहान आणि फूल एकेरीसारखे दिसणारे, तो नव्हे. जवळ जातो तो तिसरा. आणि जेरार्डच्या वर्णनात 'दुहेरी' या एका शब्दापलीकडे फुलाच्या रचनेची माहिती नसल्यामुळे, त्याचा गुलाब पार्किन्सनच्या दुसऱ्या प्रकाराचा की तिसऱ्या, हे ठरविण्यास आधार उरत नाही. म्हणजे सूच्यांना या वाणासाठी जुनी नोंदच हवी असेल, तर सर्वांत समर्थनीय वर्ष १५९७ हे नसून १६२९ आहे, आणि तेही साम्य दाखविणारे म्हणून, तादात्म्य सिद्ध करणारे म्हणून नव्हे. पानांच्या गडद हिरव्या रंगाविषयीही पार्किन्सनच गॅलिकाशी जुळतो. फांद्यांच्या बाबतीत मात्र जेरार्ड अधिक अचूक ठरतो. दोन्ही वर्णने एकाच झुडपाची मानली तर परस्परविरोधी होतात, भिन्न झुडपांची मानली तर हा विरोध आपोआप मिटतो.

सुगंधाविषयीचा पार्किन्सनचा शेरा आणखी एका गोष्टीचा उलगडा करतो. या गुलाबाविषयी जुन्या ग्रंथांत इतके थोडे का लिहिले गेले? गॅलिका जातीतील साधा तांबडा गुलाब, ज्याला औषधविक्रेत्यांचा गुलाब म्हणत, तो मध्ययुगापासून औषधासाठी मोठ्या प्रमाणावर लावला जाई. पॅरिसच्या आग्नेयेस असलेले प्रोव्हँ हे नगर त्यासाठी प्रसिद्ध होते. कळ्या उमलण्यापूर्वी तोडून वाळवीत, किंवा पाकळ्या साखरेत कुटून मुरंबा करीत. हा मुरंबा आपल्याकडील गुलकंदाचाच सख्खा भाऊ म्हणावयास हरकत नाही. इंग्लंडच्या अधिकृत औषधिसंहितेतही त्याला दीर्घकाळ स्थान होते. ज्याला बाजार आहे त्याच्या नोंदी होतात. त्याचे भाव लिहिले जातात, साठे मोजले जातात, भेसळीविषयी तक्रारी होतात. मखमली गुलाब कमी सुगंधाचा, आणि म्हणून औषधाच्या दृष्टीने दुय्यम. तो जगला तो निव्वळ रंगासाठी. रंगासाठी जगणाऱ्या वस्तूची दप्तरी नोंद क्वचितच होते.

अठराव्या शतकाचा काळ येथे थोडक्यात ओलांडणे योग्य होईल, कारण या काळातील बागायतीच्या ग्रंथांत नावांच्या याद्या लांबत गेल्या तरी वर्णने आखूडच राहिली. बदल झाला तो १८०० च्या आसपास. हाताने रंगविलेल्या चित्रांचे गुलाबविषयक ग्रंथ निघू लागले. त्यांत रेदूते याची चित्रे व तोरी याचा मजकूर असलेला १८१७ ते १८२४ या काळातील फ्रेंच ग्रंथ अग्रगण्य होय. त्यात 'माहेका' या नावाने एका गडद जांभळ्या, जवळजवळ एकेरी गॅलिका गुलाबाचे चित्र आहे. हाच गुलाब 'ला बेल सुल्तान' म्हणजे 'सुंदर सुलताना' या नावानेही ओळखला जातो. या दुसऱ्या नावाशी सम्राज्ञी जोसेफीनच्या नात्यातील एका फ्रेंच तरुणीची कथा जोडण्यात येते. ती १७८८ मध्ये समुद्रप्रवासात नाहीशी झाली आणि चाच्यांच्या हाती लागून तुर्की सुलतानाच्या जनानखान्यात पोचली, असे सांगतात. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच टाकून दिली आहे, पण विक्रीसूच्यांनी ती जपली. नोंदीतील रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही, याचे हे उदाहरण आहे.

याच काळात 'टस्कनी' हे नाव रूढ झाले, आणि लवकरच 'टस्कनी सुपर्ब' हा त्याहून मोठ्या व दाट फुलांचा वाण पुढे आला. तो टॉमस रिव्हर्स याचा असून १८३७ पूर्वीचा, असे काही ठिकाणी म्हटले आहे. इतर ठिकाणी तो विल्यम पॉल याच्याकडे सोपवून काळ १८४८ पूर्वीचा सांगितला जातो. ही दोन वर्षे कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. १८३७ हे रिव्हर्सच्या गुलाबविषयक मार्गदर्शिकेच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष आहे आणि १८४८ हे पॉलच्या 'द रोज गार्डन' या ग्रंथाचे. म्हणजे दोन्ही आकडे वाणाच्या जन्माचे नसून पुस्तकांच्या जन्माचे आहेत. जेरार्डच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही लहान प्रमाणावरील पुनरावृत्ती होय. याउलट, लाफे या फ्रेंच उत्पादकाचा 'न्युई द यंग' हा काळसर शेवाळी गुलाब घ्यावा. एडवर्ड यंग या इंग्रज कवीच्या रात्रविषयक काव्याच्या फ्रेंच नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. उत्पादक लाफे आणि वर्ष १८४५ याविषयी वाद नाही. रोपवाटिकांचा धंदा उभा राहिला आणि नवा वाण ही विक्रीयोग्य वस्तू झाली, तेव्हाच गुलाबांना जन्मतारखा मिळू लागल्या. तत्पूर्वीचे गुलाब जन्मनोंद सुरू होण्याआधीच्या माणसांसारखे आहेत.

रंगाच्या शब्दांविषयी येथे एक सावधगिरी सुचविणे अवश्य आहे. जेरार्ड 'काळसर तांबडा' म्हणतो, पार्किन्सन 'खोल किरमिजी' म्हणतो. जांभळ्या छटेचा उल्लेख दोघांच्याही वर्णनात नाही. आजचा 'टस्कनी' मात्र उमलताना किरमिजी आणि जुना होताना जांभळट होत जातो. हा विरोध वाटतो तितका गंभीर नाही. विल्श्टेटर आणि नोलन यांनी १९१५ मध्ये गॅलिका गुलाबाच्या पाकळ्यांतील रंगद्रव्य 'सायनिन' हे असल्याचे दाखविले. निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून विल्श्टेटरने त्यापूर्वीच मिळविलेले द्रव्य तेच होते. एकच द्रव्य पेशीरसाच्या आम्लतेनुसार आणि सोबतच्या इतर द्रव्यांनुसार तांबडे, जांभळे किंवा निळे दिसू शकते, आणि पाकळी वृद्ध होते तशी ही परिस्थिती बदलते. लेखकाने फूल पहिल्या दिवशी पाहिले की चौथ्या, यावर विशेषण ठरते.

शिवाय वाचकाच्या मनातील 'तांबडा' हा रंगही स्थिर राहिलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांशी संबंधित गिल्बर्ट स्लेटर याने इंग्लंडमध्ये आणलेला चीनचा किरमिजी गुलाब 'रोझा सेम्परफ्लोरेन्स' या नावाने 'बोटॅनिकल मॅगझीन'मध्ये १७९४ च्या सुमारास चित्रित झाला. तो लहानसा, अशक्त आणि थंडीला भिणारा असला तरी त्याचा तांबडा रंग जुना होताना निळसर न होता अधिकच गडद होई, आणि त्याला बहर वारंवार येई. त्याच्या वंशातून पुढे जे तांबडे गुलाब निघाले, त्यांनी युरोपीय डोळ्याला तांबड्याची नवी सवय लावली. फ्रेंच संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातील गुलाबांची जी जनुकीय पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली, तीतही त्या शतकात वाणांची जनुकीय घडण युरोपीयाकडून आशियाईकडे क्रमशः झुकत गेल्याचे दिसून आले. या बदलानंतर जुने गॅलिका गुलाब 'तांबडे' न वाटता 'जांभळे' आणि 'काळे' वाटू लागले. यास्तव १५९७ मधील 'तांबडा' आणि आजच्या सूचीतील 'जांभळट' हे दोन शब्द एकाच पाकळीविषयी असू शकतात. जे साम्य शब्दांवर उभे आहे ते जसे ठिसूळ, तसाच शब्दांवर उभा असलेला विरोधही ठिसूळच.

ग्रंथांची परंपरा अशी. झुडपांची परंपरा स्वतंत्रपणे पाहावी लागते. गॅलिका गुलाब जमिनीखालून फुटवे फेकतो. स्वतःच्या मुळांवर वाढलेले झुडूप माळ्याची मदत नसतानाही जागा धरून राहते, आणि फुटवा काढून शेजाऱ्याला देणे हे बी पेरण्यापेक्षा सोपे असते. बियांतून आलेले रोप आईसारखे निघेलच असे नाही, पण फुटवा हा आईचाच देह होय. परक्या खुंटावर डोळा भरून केलेल्या कलमाचे तसे नाही. तेथे वरचा भाग मेला तर खालचा खुंट वाढतो, आणि पाटी मात्र जुन्याच नावाची राहते. सिसिंगहर्स्टचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. लेखिका व्हिटा सॅक्व्हिल-वेस्ट हिने केंटमधील ती पडकी वास्तू १९३० मध्ये घेतली, तेव्हा तेथील रानात तिला एक गडद गॅलिका गुलाब वाढलेला सापडला. १९४७ मध्ये तो 'सिसिंगहर्स्ट कॅसल' या नावाने लागवडीत परत आला. 'मूरांचा गुलाब' या अर्थाचे एक फ्रेंच नावही त्याला लावले जाते. झुडूप पूर्ण जिवंत होते, हरवले होते ते नाव. ग्रंथांत नाव आहे आणि झुडूप नाही, बागेत झुडूप आहे आणि नाव नाही. या दोन अवस्थांच्या मधल्या जागेत जुन्या गुलाबांचा बहुतेक इतिहास लिहिला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळ लाई येथे ग्राव्हरो याने उभारलेला गुलाबांचा संग्रह आणि १९०३ मध्ये जर्मनीत झांगरहाउझेन येथे स्थापन झालेली गुलाबवाटिका, यांनी असंख्य जुने वाण नाहीसे होण्यापासून वाचविले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु अशा संग्रहात झुडूप ज्या नावाने येते त्याच नावाने ते पुढे जाते, आणि संग्रहाच्या प्रतिष्ठेमुळे पाटीवरील नाव प्रमाण ठरते. ग्रॅहॅम स्टुअर्ट टॉमस याने १९५५ मधील आपल्या ग्रंथात जुन्या झुडपी गुलाबांची पुन्हा ओळख करून दिली. त्यानंतर 'टस्कनी' व 'जुना मखमली गुलाब' ही जोडी इंग्रजी वाचकांत पक्की झाली. टॉमसची नजर अनुभवी होती आणि वर्णने अचूक होती. त्याच्या मागून आलेल्या सूच्यांनी मात्र त्याचे वर्णन टाकले आणि समीकरण तेवढे ठेवले.

जनुकीय परीक्षेने हा प्रश्न निकालात निघेल, अशी अपेक्षा अलीकडे व्यक्त होते. तिला अंशतःच आधार आहे. गुणसूत्रांची संख्या व जुने ग्रंथ यांच्या आधारे हर्स्ट याने बागेतील गुलाबांची जी वंशावळ मांडली होती, तीत दमास्क गुलाबांचे दोन गट दोन निरनिराळ्या संकरांतून आल्याचे म्हटले होते. जपानी संशोधकांनी २००० साली या गुलाबांच्या जनुकीय परीक्षेतून गॅलिका, मोस्काटा आणि मध्य आशियातील फेडचेन्कोआना या तीन जातींचा समाईक वारसा दाखविला, आणि हर्स्टची मांडणी ढासळली. तेव्हा या साधनाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. दोन संग्रहांतील 'टस्कनी' एकच आहेत काय, 'टस्कनी सुपर्ब' हा त्याचा अपत्य-वाण की फांदीवर अकस्मात झालेला बदल, सिसिंगहर्स्टचे झुडूप यांपैकी कोणाशी मिळते, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येतात. परंतु तुलनेसाठी दोन वस्तू लागतात. जेरार्डच्या होबर्नमधील बागेतले झुडूप आणि पार्किन्सनने पाकळ्या मोजलेली फुले आता मातीतही नाहीत.

तिसऱ्या प्रकारचे एकच साधन उरते, ते म्हणजे वाळवून कागदावर चिकटविलेले नमुने. बोलोन्या येथे आल्द्रोव्हान्दी याचा सोळाव्या शतकातील शुष्क वनस्पतिसंग्रह आजही सुरक्षित आहे, तर लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात स्लोन याने जमविलेला, सतराव्या व अठराव्या शतकांतील अनेकांच्या नमुन्यांचा विशाल संग्रह आहे. अशा संग्रहांतील नमुन्यावर त्या काळच्या हाताने लिहिलेले नाव आणि त्याच कागदावर त्या झुडपाचा प्रत्यक्ष देह, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतात. ग्रंथपरंपरा आणि झुडूपपरंपरा येथेच काय त्या एका पृष्ठावर भेटतात, आणि वाळलेल्या पानांतूनही जनुकद्रव्य मिळविण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत. 'होलोसेरिसिया' असे नाव लिहिलेला, निश्चित काळाचा एखादा नमुना आजच्या वाणाशी जुळला, तर सूचीतील काळ हा अनुमान न राहता नोंद होईल. तोवर 'टस्कनी' या नावापुढे 'एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून या नावाने ज्ञात, पार्किन्सनच्या १६२९ मधील तिसऱ्या मखमली गुलाबाशी साम्य' एवढेच लिहिणे पुराव्यास धरून होईल.